आदिलाबादचे वारे आणि मामाची चिंधी



डिसेंबर लागला की हैदराबादच्या टीव्हीवाल्यांना आदिलाबादची आठवण येते. एरवी वर्षभर आम्ही आहोत की नाही याची त्यांना फिकीर नसते. मग शेकोटीभोवती बसलेले चार म्हातारे, कानटोपी घातलेला चहावाला, धुक्यातून दिवे लावून येणारी आर.टी.सी.ची बस, असं सगळं दाखवतात आणि खाली पट्टी फिरते: राज्यातलं सगळ्यात कमी तापमान आमच्याकडे. लगेच पुण्या-मुंबईचे फोन सुरू. "अहो, तिकडे साऊथला कसली आली थंडी?" नातवाने तर विचारलं, "आजोबा, आदिलाबाद हिल स्टेशन आहे का?"

हिल स्टेशन कसलं! हैदराबाद समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या वर आहे आणि आदिलाबाद जेमतेम 264 मीटरवर. म्हणजे हैदराबादहून आदिलाबादला येताना आपण खाली उतरतो. निर्मळचा घाट चढावा लागतो म्हणून वर आल्यासारखं वाटतं, एवढंच. उंचीच्या हिशेबाने आम्ही हैदराबादपेक्षा उबदार असायला पाहिजे होतं. पण हिवाळ्यात आम्ही त्यांच्यापेक्षा गार आणि मे महिन्यात त्यांच्यापेक्षा गरम. दोन्हीकडून तोटा. याचं उत्तर उंचीत नाही, वाऱ्यात आहे, आणि आज त्याबद्दलच लिहायचं ठरवलं आहे. लांबेल, सांभाळून घ्या.

मी कॉमर्सचा माणूस. शाळेत मराठी माध्यमाच्या भूगोलात खारे वारे, मतलई वारे, व्यापारी वारे असं सगळं पाठ केलं होतं. खारे वारे दिवसा समुद्राकडून जमिनीकडे, मतलई वारे रात्री जमिनीकडून समुद्राकडे. आमच्या वर्गातल्या एकानेही तोवर समुद्र पाहिला नव्हता. पैनगंगेलाच आम्ही मोठं पाणी समजायचो. व्यापारी वाऱ्यांवर जहाजं चालायची म्हणून ते व्यापारी, असं गुरुजींनी सांगितलं होतं. पुढे बी.कॉम. झालो, बँकेत लागलो, तेव्हा मित्र थट्टेने म्हणायचे की तुझ्या शिक्षणात उपयोगाचा एवढाच धडा होता. निवृत्तीनंतर वाचताना कळलं की त्यातही गोम आहे. इंग्रजीतल्या त्या शब्दाचा जुना अर्थ व्यापार नसून वाट, ठरलेला मार्ग असा होता. म्हणजे ठरल्या वाटेने, एकसारखे वाहणारे वारे. व्यापाराचा अर्थ मागाहून चिकटला आणि आपण भाषांतर केलं ते मागाहूनच्या अर्थाचं.

आता थोडी मांडणी करून घेऊ, नाहीतर पुढचं नीट लागणार नाही. विषुववृत्ताजवळ ऊन सगळ्यात जास्त, तिथली हवा तापून वर चढते, वरच्या वर उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे सरकते आणि साधारण तीस अंशांच्या आसपास पुन्हा खाली उतरते. खाली उतरणारी हवा कोरडी, म्हणून जगातली मोठी वाळवंटं त्याच पट्ट्यात. ती हवा जमिनीलगत परत विषुववृत्ताकडे निघते, तेच व्यापारी वारे. पण सरळ येत नाहीत, तिरपे येतात, कारण खाली पृथ्वी फिरते आहे. जत्रेतल्या आडव्या फिरत्या चक्रीवर बसून समोरच्याकडे चेंडू फेकून बघा, बाजूला जातो. आपल्या उत्तर गोलार्धात तो उजवीकडे वळतो, दक्षिणेत डावीकडे. ही व्यवस्था 1735 साली जॉर्ज हॅडली नावाच्या लंडनच्या माणसाने मांडली, आणि तो शिकलेला होता वकिली. त्यामुळे कॉमर्सच्या माणसाने वाऱ्यांवर लिहिलं तर कोणी हरकत घेऊ नये.

आमच्या आदिलाबादचं दुर्दैव किंवा सुदैव असं की आम्ही या मोठ्या कारभाराच्या बरोबर सरहद्दीवर बसलो आहोत. साडेएकोणीस अंशांवर. अर्धं वर्ष उत्तरेकडच्या कोरड्या हवेचं राज्य, अर्धं वर्ष समुद्राकडच्या ओल्या हवेचं. 1956 पर्यंत आम्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानातून आलेल्या राज्यात होतो, मग आंध्र प्रदेश झाला. किनवट आणि राजुरा महाराष्ट्रात गेले, आम्ही इकडे राहिलो. 2014 ला तेलंगणा झालं, 2016 ला जिल्ह्याचे चार तुकडे झाले. सरहद्द बदलायची आम्हाला सवय आहे. वाऱ्याची सरहद्द मात्र दरवर्षी दोनदा आमच्या डोक्यावरून जाते.

हिवाळ्याचा वारा नागपूरकडून येतो. पुष्कळांना वाटतं की ही थंडी सैबेरियाची. तसं नाही, सैबेरियाची थंडी हिमालय अडवतो. होतं असं की भूमध्य समुद्राकडून निघालेले पावसाळी पट्टे इराण, अफगाणिस्तानावरून पंजाब-काश्मिरात येतात, तिथे पाऊस पाडतात, हिमाचलात बर्फ पाडतात, आणि ते पुढे सरकले की त्यांच्या मागून कोरडी गार हवा मध्य प्रदेशावरून विदर्भात आणि तिथून पैनगंगा ओलांडून आमच्या अंगणात. वाटेत अडवणारं मोठं काही नाही. शिवाय आकाश निरभ्र, त्यामुळे दिवसभर तापलेली काळी माती रात्री सगळी ऊब वर सोडून देते. ढग असते तर गोधडीसारखे वर राहिले असते. रात्री वारा पडतो, जड गार हवा नाल्याकाठी, खोलगट वावरात साचून बसते. म्हणून गावात आठ अंश असेल तर नाल्याकाठच्या हरभऱ्यात सहा असतं. हैदराबादला मोठ्या शहराच्या सिमेंटने ऊब धरून ठेवलेली असते, इथे धरायला काही नाही.

माझे मामा बेल्याकडचे. आदिलाबादपासून पुढे, पैनगंगेच्या अलीकडे. नदीच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा. मामा हवामानासाठी हैदराबाद केंद्र कधी लावायचे नाहीत, ट्रान्झिस्टरवर आकाशवाणी नागपूर. मी एकदा म्हटलं, "मामा, आपलं राज्य तिकडचं, बातम्या तिकडच्या ऐका." ते म्हणाले, "राज्य तिकडचं असंल बापू, वारं इकडचं आहे." खरंच होतं. नागपुरात पारा उतरला की दुसऱ्या दिवशी आमच्याकडे हुडहुडी. आणि वारा पूर्वेला फिरला, बंगालच्या उपसागराकडून जरासे ढग आले, की एका रात्रीत थंडी मोडते. म्हाताऱ्या बायका सकाळी दार उघडल्या उघडल्या सांगायच्या, "फिरलं वारं."

हे मामा म्हणजे आमच्या आईचे थोरले भाऊ. मॅट्रिकही नव्हते, पण वाऱ्याचा त्यांना भारी नाद. विहिरीजवळ एक उंच वेळू रोवलेला आणि त्याच्या टोकाला मामीच्या जुन्या लुगड्याची हातभर चिंधी. दरवर्षी अक्षय्य तृतीयेला चिंधी बदलायची. पोरं त्याला मामाचा झेंडा म्हणायची. सकाळी उठून तोंड धुण्याआधी मामा झेंड्याकडे बघायचे आणि काही न बोलता गोठ्याकडे जायचे.

फाल्गुनात आम्ही सुट्टीला गेलो की उपणणी चालू असायची. आताच्या पिढीला सांगायला हवं. ज्वारी मळून झाली की धान्य आणि भूस एकत्र असतं. मग वावडीवर, म्हणजे तीन पायांच्या उंच तिवईवर, एक जण उभा राहायचा, खालून दुसरा टोपली द्यायचा आणि वरचा ती हळूहळू हलवत सोडायचा. दाणा सरळ खाली पडतो, भूस वाऱ्याने पलीकडे जातं. सगळा खेळ वाऱ्याचा. कमी असला तर भूस धान्यातच पडतं, फार असला तर धान्यही भुसाबरोबर निघून जातं. आणि अंगावर खाज अशी की रात्री झोप नाही.

मला तेव्हा एक कोडं पडायचं. सकाळी पान हलत नाही, सगळे खळ्यावर विड्या ओढत बसलेले. दहा-अकरा वाजले की वारा सुटतो, दुपारभर चांगला वाहतो आणि सूर्य मावळला की कोणी बटण बंद केल्यासारखा पडतो. रोज. आजी म्हणायची, वाऱ्यालाही न्याहारी झाल्याशिवाय काम होत नाही. याचं कारण मला सत्तरीत समजलं. वरचा वारा रात्रभर वाहतच असतो, दोन-चारशे मीटरवर. पण रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन दुधावरच्या सायीसारखी निपचित पडून राहते, वरचा वारा तिच्यावरून निसटून जातो, खालपर्यंत पोचत नाही. सकाळी ऊन तापलं की खालची हवा वर जाऊ लागते, वरची खाली येते, साय मोडते, आणि वरचा वारा खळ्यावर उतरतो. संध्याकाळी पुन्हा साय धरते. मळणी यंत्र आलं आणि हे सगळं गेलं. खाज गेली याचं दुःख नाही.

मे महिन्याच्या वाऱ्याबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांनी भोगलेला आहे. हिंदीवाले लू म्हणतात, आमच्याकडे मराठी घरांतसुद्धा तेलुगूतला वडगाली शब्दच चालतो, आणि ऊन लागलं तर वडदेब्ब. राजस्थानकडून, मध्य प्रदेशावरून तापत तापत आलेली हवा, तीही वायव्येचीच. म्हणजे जानेवारीत गारठवणारा आणि मेमध्ये भाजणारा वारा एकाच दिशेचा, फरक फक्त वाटेतली जमीन गार आहे की तापलेली आहे याचा. दिशेला वायूचं नाव आपल्या पूर्वजांनी काही उगाच दिलेलं नाही. दारावर वाळ्याचा पडदा, खिशात कांदा, बारा ते चार रस्ता सुनसान. आमच्या एका शाखेतला शिपाई अशाच दुपारी टपालाची पिशवी घेऊन सायकलवर निघाला आणि वाटेत पडला, तो उठला नाही. चाळिशीही नव्हती. तेव्हापासून मी जिथे होतो तिथे मे महिन्यात दुपारचं टपाल बंद, सकाळीच द्यायचं.

आता खरा विषय. जूनचा वारा.

बँकेत मी 1973 ला लागलो. नुकताच बहात्तरचा दुष्काळ होऊन गेला होता. पुढची सदतीस वर्षं जिथे जिथे राहिलो, तिथे पीककर्जाचं काम कमी-अधिक हातात होतंच. बाहेरच्याला वाटतं की पीककर्ज म्हणजे सातबारा, जामीन, सही, अंगठा. आमच्याकडे पहाणी म्हणतात सातबाऱ्याला. पण खरं कर्ज आम्ही देत होतो ते वाऱ्याच्या भरवशावर. सरकी जमिनीत गेल्यावर वारा कसा वागतो यावर वसुली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात अर्ज घेऊन आलेला माणूस जुलैत पुन्हा दारात दिसला की समजायचं, पेरणी मोडली, दुबार पेरणी आली. आणि दुबारला बँकेकडे वेगळे पैसे नसतात. मग तो कोणाकडे जातो हे तुम्हाला माहीत आहे. शेकडा दोन, तीन रुपये, तेही महिन्याला.

पेरणी का मोडते? जून उजाडता उजाडता दुपारी ढग जमतात, धुळीचा लोट उठतो, अचानक गार वारा येतो, पत्रे उडतात, झाड पडतं, आणि अर्धा तास धो धो पाऊस. तेलुगूत याला गालिवाना म्हणतात, वारा आणि पाऊस मिळून एक शब्द. (याच नावाची पालगुम्मी पद्मराजूंची कथा 1952 साली न्यूयॉर्कच्या एका जागतिक कथास्पर्धेत दुसरी आली होती, आमचे तेलुगू मॅनेजर हे फार अभिमानाने सांगायचे.) मातीचा वास सुटतो, शेतकऱ्याचा जीव हलतो. बी घेऊन वावरात. पण हा पाऊस मान्सूनचा नसतो. तो त्याच गावच्या तापलेल्या जमिनीने उभा केलेला ढग असतो. आणि पावसाआधी येतो तो गार वारा म्हणजे त्याच ढगातून खाली आदळून चहूकडे पसरलेली हवा. दहा मैलांवर थेंब नसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पुन्हा वायव्येचा, कोरडा. कोवळ्या दोन पानांच्या सरकीला तो आठ दिवसांत जाळतो.

मान्सूनचा वारा वेगळा. त्याची सुरुवात कुठून, तर मादागास्करच्या पलीकडे दक्षिण हिंदी महासागरात. तिथे तेव्हा हिवाळा असतो. तिथले व्यापारी वारे आग्नेयेकडून विषुववृत्ताकडे निघतात. एरवी ते विषुववृत्ताजवळ थांबले असते, पण आपल्याकडे उत्तर भारत तापून हवेचा दाब इतका उतरलेला असतो की ते विषुववृत्त ओलांडतात. ओलांडलं की फिरत्या चक्रीचा नियम उलटा लागतो, डावीकडे वळणारे आता उजवीकडे वळतात, आणि आग्नेयेचे वारे नैऋत्येचे होतात. केनिया-सोमालियाच्या किनाऱ्यालगत पूर्व आफ्रिकेचे डोंगर त्यांना वळवतात आणि जमिनीपासून साधारण एक-दीड किलोमीटर उंचीवर एक जोरदार झोत तयार होतो. फिंडलेटर नावाच्या इंग्रज हवामानतज्ज्ञाने 1960 च्या दशकात तो दाखवून दिला. तो अरबी समुद्र ओलांडून आपल्याकडे येतो. निर्ऋती ही शास्त्रात विनाशाची देवता, तिच्या दिशेला शुभ कोणी म्हणत नाही. वास्तुवाले आजही नैऋत्येला काय काय ठेवू नका म्हणून सांगतात. आणि आपलं सगळ्यांचं पोट मात्र त्याच दिशेवर.

मग कोणी विचारेल, सह्याद्रीत सगळं पाणी पडून गेल्यावर आमच्यापर्यंत काय येतं? बीड-धाराशिवकडे जी कोरड आहे ती त्यामुळेच. पण आदिलाबादला पावसाची दुसरी खिडकी आहे. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होतात आणि ओडिशा, छत्तीसगडवरून आमच्याकडे, विदर्भाकडे सरकतात. झड लागते ती त्यांच्यामुळे. यात एक गंमत आहे. झड येणार असते तेव्हा जमिनीवरचा वारा पश्चिमेचा असतो आणि पाऊस पूर्वेकडून येतो. मामा म्हणायचे, "वारं पाहुण्याला आणाया गेलं." शास्त्रात याला नियम आहे, 1857 मध्ये बॉइस बॅलट या डच माणसाने सांगितलेला: वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, कमी दाब तुमच्या डाव्या हाताला. पश्चिमेचा वारा असेल तर आपलं तोंड पूर्वेला, डावा हात उत्तरेला. म्हणजे कमी दाब उत्तरेच्या बाजूला, नागपूर-छत्तीसगडकडे. मामाला बॅलट माहीत नव्हता आणि बॅलटला पैनगंगा.

तर मामाचा नियम असा: चिंधी सलग तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ, ईशान्येकडे किंवा पूर्वेकडे तोंड करून राहिली पाहिजे. म्हणजे वारा नैऋत्य-पश्चिमेचा, आणि रात्रीसुद्धा न पडणारा. त्याआधी कितीही पाऊस येवो, सरकीची पिशवी सोडायची नाही. कृषी खातं 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका म्हणतं, त्याच जातीचा नियम, फक्त मामाचा वाऱ्यावरून.

आता 2009. माझ्या मामेभावाला विचारून लिहितो आहे, त्याने लिही म्हटलं.

त्या वर्षी मान्सून केरळात 23 मे लाच आला. आठवडाभर लवकर. टीव्हीवर, पेपरात, सगळीकडे आनंदीआनंद. पण दोनच दिवसांनी, 25 मे ला, आयला चक्रीवादळ बंगालच्या किनाऱ्यावर धडकलं, आणि त्यानंतर वाऱ्याची घडी विस्कटली. जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर मान्सून जागच्या जागी थांबला, जवळजवळ दोन आठवडे. आमच्याकडे 10-11 जूनच्या सुमारास दोन दिवस गालिवाना झाला. गावात सगळ्यांनी लावली. मामेभाऊ घाईला आला. नऊ एकर कापूस. बँकेचं पीककर्ज मे मध्ये उचललेलं, पण ते धाकट्या बहिणीच्या लग्नात खर्च झालं होतं, म्हणून बियाणं दुकानदाराकडून उधार. 2006 ला आंध्र सरकारने भांडून बीटी सरकीचं सोळाशेच्या वरचं पाकीट साडेसातशेवर आणलं होतं, म्हणून परवडलं तरी. मामा तेव्हा ऐंशीला टेकलेले. म्हणाले, "पोरा, थांब. चिंधी अजून आग्नेयेकडंच पाहून राहिली." म्हणजे वारा वायव्येचाच होता. मुलगा म्हणाला, "बाबा, टीव्हीवाले म्हणतात मान्सून आला, तुम्ही लुगड्याच्या चिंधीवर बसलात."

सरकी उगवली. चांगली उगवली, हेच वाईट झालं. मग पंधरा दिवस थेंब नाही आणि तोच कोरडा वारा. मी एका रविवारी गेलो होतो. वावरात उभं राहिल्यावर पायाखाली पानं बिस्किटासारखी मोडत होती. मामा धुऱ्यावर बसून होते. "मी सांगितलं होतं" हे वाक्य त्यांनी उच्चारलं नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. जूनच्या शेवटी वारा बसला, पुन्हा बियाणं आणलं, पुन्हा उधार. देशभरात त्या वर्षी पावसात 22 टक्के तूट होती. कापूस जेमतेम झाला. दिवाळीनंतर बैलजोडी विकली. मामा स्वतः बैलांबरोबर बाजाराला गेले आणि गिऱ्हाईक बैल घेऊन निघेपर्यंत तिथेच बसून राहिले.

पैनगंगेच्या दोन्ही काठांवर ती वर्षं कशी होती हे सांगायला नको, आपण सगळ्यांनी पेपर वाचले आहेत. त्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मामेभाऊ घरी आला नाही. रात्री नऊला सापडला, नदीवर बसला होता. कोणी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मामीने फवारणीच्या औषधाच्या बाटल्या टोपलीत घालून, वर गोवऱ्या ठेवून, शेजारच्या घरी नेऊन ठेवल्या. फवारायचं असेल तेव्हा ती स्वतः काढून आणायची आणि संपेपर्यंत बांधावर उभी राहायची. दोन वर्षं असं चाललं.

त्या सालचा वारा असा का वागला, हे मला पुढे निवांत वाचताना समजलं. इथे आमच्या डबल एंट्रीची आठवण झाली. 1904 साली भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख म्हणून गिल्बर्ट वॉकर नावाचे केंब्रिजचे गणिती आले. 1877 आणि 1899 च्या पावसाने दगा दिलेला, लाखो माणसं मेलेली, सरकारला आधी अंदाज हवा होता. वॉकरांनी जगभरच्या हवेच्या दाबाचे आकडे जमवून ताळे घातले, आणि त्यांना दिसलं की हिंदी महासागराकडे दाब वाढला की पलीकडे प्रशांत महासागरात उतरतो, तिकडे वाढला की इकडे उतरतो. इकडे जमा, तिकडे नावे. कारण काय ते त्यांच्या हयातीत नीट कळलं नाही. पेरूच्या किनाऱ्याजवळ समुद्र तापतो त्याच्याशी, म्हणजे एल निनोशी, याची सांगड 1960 च्या दशकाच्या अखेरीस बियर्कनेस यांनी घातली. 1972, 1987, 2002, 2009. माझ्या नोकरीतली आणि तिच्या तोंडावरची चारही वाईट वर्षं एल निनोची. आणेवारी पन्नास पैशांच्या खाली, कर्जाचं रूपांतर, हप्ते पुढे ढकलणं. आम्ही प्रत्येक खात्यावर वेगळं कारण लिहीत होतो. पण लगेच याचंही सूत्र करू नका. 1997 ला एल निनो भलताच जोरात होता आणि देशात पाऊस व्यवस्थित झाला.

मामाची चिंधीही काही देववाणी नव्हती. 2013 चं सांगतो. मामेभावाने हट्टाने चार एकर हलक्या जमिनीत धूळपेरणी केली. पाच एकर भारी काळी जमीन मामाच्या म्हणण्याप्रमाणे तीन दिवसांच्या वाऱ्यासाठी ठेवली. त्या वर्षी मान्सून असा धावत आला की 16 जूनपर्यंत सगळा देश व्यापला. चिंधीचे तीन दिवस भरेपर्यंत झड लागली होती. वाफसा येईना, बैल गुडघ्यापर्यंत रुतायचे. पाच एकर जुलैपर्यंत तसंच पडून राहिलं आणि शेवटी उशिरा लावलेलं काही धड झालं नाही. चार एकराने घर चाललं. मामा एवढंच म्हणाले, "यंदा वारं माह्यापेक्षा हुशार निघालं." पोराने हसून त्यांच्या पुढ्यात चहा ठेवला. बापलेकांमधला 2009 चा ताण मला वाटतं त्या चहाला संपला.

मामा आता नाहीत. मामेभावाकडे मोबाईल आहे, त्यात वाऱ्याचा रंगीत नकाशा दिसतो. जूनच्या तोंडावर त्याचा फोन येतो, "दादा, सोमालियाकडं लाल झालंय, काय करू?" मी सांगतो की मी कॉमर्सवाला आहे. तो एकदम सगळं लावत नाही आता. चार एकर आधी, पाच एकर थांबून. बँकेत आम्ही याला जोखीम वाटून घेणं म्हणायचो, तो काही नाव देत नाही. चार एकर कोणते ते मामी ठरवते. वय पंच्याऐंशीच्या पुढे, डोळ्यांना दिसत नाही फारसं, अंगणात खाटेवर बसून गालावर वारा कोणत्या बाजूने लागतो ते बघते. वेळूची चिंधी अजून तिच्याच लुगड्याची असते.